टोटल क्वालिटी मॅनेजमेंट म्हणजे काय? कारखान्यात वाढलेली ही पद्धत हॉस्पिटल, सरकारी ऑफिस आणि शाळेत कशी चालते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट या गावात आज टेस्लाच्या गाड्या बनतात. टेस्ला तिथे येण्याच्या खूप आधी याच जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना होता आणि कंपनीच्या सगळ्यात वाईट कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जायचं. कामगार दारू पिऊन कामावर यायचे. कितीतरी जण न सांगता दांडी मारायचे. गाडीत एखादा भाग बसलाच नाही किंवा चुकीचा बसला, तरी लाइन पुढे सरकत राहायची, कारण तिथला एकच नियम पक्का होता: काहीही होवो, लाइन थांबवायची नाही. बिघडलेल्या गाड्या मग मागच्या आवारात नेऊन दुरुस्त केल्या जायच्या. १९८२ मध्ये कंपनीनं या कारखान्याला टाळं लावलं.

दोन वर्षांनी जनरल मोटर्स आणि जपानच्या टोयोटानं मिळून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. नाव ठेवलं न्यूमी. बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच. फरक एवढाच की त्यातल्या अनेकांना जपानला नेऊन टोयोटाचं काम दाखवलं गेलं आणि लाइनवर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी लटकवली गेली. काही अडलं, काही चुकलं, तर कुणीही ती दोरी ओढायची. टीम लीडर धावत येणार. लगेच सुटलं तर ठीक, नाहीतर लाइन थांबणार. दोरी ओढली म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत. थोड्याच काळात फ्रीमाँटमधून निघणाऱ्या गाड्या दर्जाच्या बाबतीत जनरल मोटर्सच्या सगळ्यात चांगल्या गाड्यांमध्ये गणल्या जाऊ लागल्या.

हे बघून कंपनीनं आपल्या इतर कारखान्यांतही तसंच करायचं ठरवलं. कॅलिफोर्नियातच व्हॅन नायस इथे दुसरा कारखाना होता. तिथेही दोरी लागली. पण किती गाड्या बाहेर पडल्या यावर मॅनेजरचं मूल्यमापन होत होतं, त्यामुळे लाइन थांबली की ते चिडायचे. लोकांनी दोरी ओढणं सोडून दिलं. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

टोटल क्वालिटी मॅनेजमेंट, म्हणजे टीक्यूएम, हा शब्द एमबीएच्या पुस्तकात, कंपनीच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये आणि लिंक्डइनच्या प्रोफाइलमध्ये सारखा दिसतो. कारखान्यातून निघून तो आता हॉस्पिटल, कॉलेज, महापालिका सगळीकडे पोचलाय. कुठे त्यानं माणसांचे जीव वाचवले, कुठे नुसत्या फायली वाढवल्या.

आधी, टीक्यूएम म्हणजे नेमकं काय?

साध्या भाषेत सांगायचं तर तीन गोष्टी. एक, दर्जा चांगला की वाईट हे ती वस्तू किंवा सेवा वापरणारा ठरवतो. दोन, दर्जा तपासणाऱ्या खात्याच्या हातात नसून शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या कामात असतो. तीन, सुधारणा सतत आणि मोजून करायची, अंदाजानं नाही.

याची मुळं अमेरिकेत आहेत. १९२४ मध्ये बेल टेलिफोनच्या यंत्रणेत काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट नावाचा एक साधा आलेख काढला. त्यामागची कल्पना समजायला मुंबईची लोकल पुरे. रोजची ८:२० ची गाडी कधी २ मिनिटं उशिरा येते, कधी ४. हा उशीर त्या व्यवस्थेतच मुरलेला आहे: सिग्नल, गर्दी, वेळापत्रक. पण एखाद्या दिवशी ती ४० मिनिटं उशिरा आली तर त्याचं वेगळं कारण असतं. रुळावर पाणी साचलं असेल, ओव्हरहेड वायर तुटली असेल. ४० मिनिटांचं कारण शोधून दूर करता येतं. रोजच्या ३ मिनिटांसाठी मात्र मोटरमनला झापून काही उपयोग नाही, तिथे व्यवस्थाच बदलावी लागते.

श्यूहार्ट यांचा हा विचार एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञानं पुढे नेला. डेमिंग यांचा अंदाज असा होता की कामातल्या ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून येतात. शिक्षा मात्र बहुतेक वेळा माणसाला होते. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघटनेनं त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या आणि ‘मेड इन जपान’ म्हणजे स्वस्तातला माल अशी ओळख असलेल्या त्या देशानं त्यांचं मनापासून ऐकलं. व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन डेमिंग यांनी घेतलं नाही, त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पुरस्कार सुरू झाला. पुढे काओरू इशिकावा यांच्या पुढाकारानं १९६२ पासून क्वालिटी सर्कल सुरू झाली: एकाच विभागातले कामगार ठरावीक दिवशी बसतात आणि आपल्याच कामातली एखादी अडचण सोडवतात.

अमेरिकेला स्वतःच्याच या माणसाची आठवण झाली ती ३० वर्षांनी. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीनं जपान हे करू शकतो तर आपण का नाही, असं विचारणारा माहितीपट दाखवला आणि डेमिंग यांचा फोन खणखणू लागला. त्याच दशकात अमेरिकी नौदलात ‘टोटल क्वालिटी मॅनेजमेंट’ हे नाव रुळलं.

भारताचा यातला संबंध लोक समजतात त्यापेक्षा जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन फिरले होते, उद्योजकांशी बोलले होते. म्हणजे डेमिंग यांची जपानमधली ती व्याख्यानं व्हायच्या आधी. पण परवाना मिळाला की माल खपणारच, अशा बाजारात दर्जाची फिकीर कोण करणार? ती फिकीर खऱ्या अर्थानं सुरू झाली १९९१ नंतर, परदेशी कंपन्या दारात आल्यावर.

कारखान्यात: इथे ही पद्धत घरची

भारतात क्वालिटी सर्कल १९८० मध्ये भेलच्या हैदराबाद कारखान्यात सुरू झाली. पण मोठा टप्पा आला १९९८ मध्ये. चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाला डेमिंग पुरस्कार मिळाला, भारतातला पहिला. २००३ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला तो मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. म्हणजे कांदिवली आणि नागपूरच्या शॉपफ्लोअरवर जे काम झालं, ते जपानी परीक्षकांसमोर टिकलं. २००८ मध्ये टाटा स्टीलही या यादीत आली.

कारखान्यात ही पद्धत सोपी जाते याचं कारण उघड आहे. तिथे एकच काम हजारो वेळा होतं. बोल्ट किती घट्ट बसला, रंगाचा थर किती जाड आहे, हे मोजता येतं. चूक झाली तर ती वस्तू समोर दिसते, हातात घेता येते आणि ग्राहक कोण याबद्दल वाद नसतो. यातलं एकेक गृहीतक काढून घेतलं की काय होतं, ते बाकीच्या ठिकाणी दिसतं.

हॉस्पिटलमध्ये: दोरी ओढायची कुणी?

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात व्हर्जिनिया मेसन नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. २००० च्या आसपास ते आर्थिक अडचणीत होतं. नवे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन यांनी २००२ मध्ये आपल्या वरिष्ठ डॉक्टर आणि अधिकाऱ्यांना चक्क जपानला नेलं, कारखाने बघायला. ‘माणसं म्हणजे गाड्या नाहीत’ ही टीका तेव्हाही झाली. पण जपानमध्ये त्यांना कळलं ते वेगळंच: आपल्याकडे रुग्णाचा अर्धा वेळ वाट बघण्यात जातो, आणि चूक दिसली तरी ती बोलून दाखवायची सोय कुणालाच नाही. परत आल्यावर त्यांनी टोयोटाच्या दोरीसारखी एक यंत्रणा सुरू केली. रुग्णाला धोका आहे असं वाटलं तर डॉक्टर असो, नर्स असो की सफाई कामगार, कुणीही इशारा द्यायचा. वरिष्ठांनी यायचं आणि काम तिथेच थांबवायचं.

यंत्रणा कागदावर उत्तम होती, पण तिचा वापर कमी व्हायचा. डॉक्टरला थांबवायचं म्हणजे धाडस लागतं. मग नोव्हेंबर २००४ मध्ये एक दुर्घटना घडली. रक्तवाहिनीतल्या फुग्यावर उपचार घेणाऱ्या एका वृद्ध महिलेला प्रक्रियेदरम्यान चुकीचं द्रव्य टोचलं गेलं. ट्रेमध्ये तीन द्रव्यं होती: सलाईन, एक्स-रेमध्ये शिरा दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य, आणि त्वचा पुसायचं जंतुनाशक. तिन्ही पाण्यासारखी स्वच्छ, भांड्यांवर चिठ्ठी नाही. टोचलं गेलं ते जंतुनाशक. काही दिवसांनी त्या बाईंचा मृत्यू झाला.

आता यातला दोष कुणाचा? पारंपरिक उत्तर सोपं आहे: ज्यानं सिरिंज भरली त्याचा. पण थोडं मागे गेल्यावर कळतं की हॉस्पिटलनं आधी आयोडीनचं जंतुनाशक वापरणं बंद केलं होतं. आयोडीन तपकिरी असतं, लगेच ओळखू येतं. त्याजागी आलेलं नवं जंतुनाशक संसर्ग टाळायला जास्त चांगलं होतं, पण बिनरंगी. म्हणजे एक सुधारणा करताना दुसरा खड्डा तयार झाला आणि तो कुणाला दिसला नाही. त्या माणसाला काढून टाकलं असतं तरी तीन बिनरंगी भांडी दुसऱ्या दिवशी तिथेच असती.

हॉस्पिटलनं ही चूक दडवली नाही. कर्मचाऱ्यांना कळवली, जाहीरपणे कबूल केली. अमेरिकेत जिथे डॉक्टरवर कोट्यवधींचे दावे होतात, तिथे हे पाऊल वकिलांना घाम फोडणारं होतं. पण त्यानंतर चुका कळवणं हळूहळू वाढत गेलं. इथे एक गंमत लक्षात घ्यायला हवी. कळवलेल्या चुकांचा आकडा वाढला की बाहेरच्या माणसाला वाटतं हॉस्पिटल बिघडलं. प्रत्यक्षात तो आकडा वाढणं हे लोकांची भीती कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. ज्या हॉस्पिटलच्या नोंदवहीत वर्षभरात एकही चूक नाही, तिथे जरा जपूनच जावं.

याच सुमारास जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट एका छोट्या गोष्टीच्या मागे लागले होते. आयसीयूमध्ये रुग्णाच्या मोठ्या शिरेत एक नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून रक्तात संसर्ग झाला तर माणूस दगावू शकतो. तो टाळायला काय करायचं हे सगळ्यांना माहीत होतं: हात धुवा, त्वचेवर जंतुनाशक लावा, रुग्णाला निर्जंतुक चादरीनं पूर्ण झाका, जांघेत शक्यतो नळी घालू नका, गरज संपली की काढा. माहीत असूनही प्रत्येक वेळी ते होत नव्हतं. प्रोनोव्होस्ट यांनी या पाच गोष्टींची यादी केली. पण खरं काम यादीच्या पलीकडचं होतं. सगळं सामान एका ट्रॉलीत ठेवलं, म्हणजे चादर एका कपाटात आणि जंतुनाशक दुसऱ्या खोलीत अशी शोधाशोध थांबली. आणि नर्सला अधिकार दिला: डॉक्टरनं पायरी वगळली तर थांबवायचं.

मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये हे केलं गेलं. निकाल २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तीन महिन्यांत या आयसीयूंचा संसर्गाचा मध्यक दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला होता, आणि दीड वर्षानंतरही टिकला होता.

मग हीच यादी सगळीकडे लावली की झालं? तसं होत नाही, आणि याचा पुरावा कॅनडातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी अशीच एक यादी बनवली होती. नवी दिल्लीतल्या एका हॉस्पिटलसह आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे निकाल २००९ मध्ये छापून आले. त्यानंतर ओंटारिओ प्रांताच्या सरकारनं यादी सगळ्या हॉस्पिटलांत लागू केली आणि ती किती पाळली हे जाहीर करायला लावलं. बहुतेक हॉस्पिटलांनी कळवलं की आम्ही जवळपास नेहमीच वापरतो. २०१४ मध्ये १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला. मृत्यू आणि गुंतागुंत यात ठळक फरक आढळला नाही. अभ्यासात तुलनेसाठी तीन-तीन महिनेच घेतले, ते कमी होते, असा आक्षेपही घेतला गेला. पण टिक मारलेला कागद आणि प्रत्यक्ष केलेलं काम यांत अंतर असतं, हे ज्यानं कधी ऑफिसात फॉर्म भरलाय त्याला वेगळं सांगायला नको.

भारतात हॉस्पिटलांसाठी एनएबीएचं मानांकन आहे, सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, २०१५ पासून स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ आहे. त्यांचा उपयोग होतोच. मात्र तपासणीच्या दिवशी वॉर्ड चकाचक असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता ज्युनिअर नर्सनं मोठ्या सरांना ‘थांबा’ म्हणू शकणं वेगळं. मानांकनात पहिलं सहज मोजलं जातं.

सरकारी ऑफिसात: ४४० प्रकारच्या गाड्या

मॅडिसन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं राजधानीचं शहर. १९८३ ते १९८९ या काळात तिथले महापौर जोसेफ सेन्सेनब्रेनर यांनी डेमिंग यांचं व्याख्यान ऐकलं आणि पालिकेत प्रयोग करायचं ठरवलं. सुरुवात केली पालिकेच्या गॅरेजपासून. तक्रार नेहमीची होती: गाड्या दुरुस्तीला गेल्या की परत येत नाहीत.

महापौर स्वतः मेकॅनिकांशी बोलायला गेले. मेकॅनिक म्हणाले, सुटे भागच नसतात. सुटे भाग सांभाळणारा म्हणाला, पालिकेकडे मेक, मॉडेल आणि वर्ष धरून ४४० प्रकारच्या गाड्या आणि यंत्रं आहेत, प्रत्येकाचे भाग कुठे ठेवणार? इतके प्रकार का? कारण ज्या दिवशी जी स्वस्त पडेल ती घ्यायची, हा नियम. मग कमी कंपन्यांच्या गाड्या घ्या ना! वरचा म्हणाला, खरेदी खातं ऐकणार नाही. खरेदी खातं म्हणालं, हिशेब खातं मंजूर करणार नाही. हिशेब खातं म्हणालं, पालिकेचे वकील आडवे येतील. शेवटी महापौर वकिलांकडे गेले, तर ते म्हणाले, यात अडचण काय आहे? टेंडरमध्ये वॉरंटी, देखभालीची सोय, सुट्या भागांची उपलब्धता लिहा, कायद्याला चालतं. इतकी वर्षं प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाला घाबरून होतं आणि शेवटच्या टेबलावर नियमच नव्हता.

खरेदीच्या २४ पायऱ्या होत्या, त्या ३ वर आल्या. गाडी दुरुस्त होऊन परत यायला सरासरी ९ दिवस लागायचे, ते ३ झाले. सेन्सेनब्रेनर १९८९ ची निवडणूक मात्र हरले. गॅरेज सुधारलं म्हणून कुणी मत देत नाही बहुधा.

‘सगळ्यात कमी दर तो विजेता’ हा प्रकार भारतात एल-वन नावानं प्रत्येक ठेकेदाराला पाठ आहे. फक्त किमतीवर खरेदी करू नका, हा डेमिंग यांच्या १४ सूत्रांपैकी एक भाग. केंद्राच्या अर्थ खात्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये काही प्रकारच्या कामांत किमतीबरोबर दर्जालाही गुण द्यायला वाट मोकळी केली. सार्वजनिक खरेदीत हा बदल छोटा नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे ठरलेलं असतं आणि विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नागरिकाच्या हातात हक्क आला ही मोठीच गोष्ट. पण टीक्यूएमच्या नजरेनं पाहिलं तर इथे एक प्रश्न उरतो. दाखला उशिरा मिळण्याचं कारण व्यवस्थेत असेल, म्हणजे रिक्त पदं, बंद पडणारा सर्व्हर, एकाच कागदाची तीनदा मागणी, तर दंडानं ते कारण हलत नाही. दंड टाळायचा सोपा रस्ता मग दुसराच असतो: ‘त्रुटी’ दाखवून अर्ज परत पाठवणं. मुदत पाळली गेली अशी नोंद होते, दाखला मिळत नाही.

शाळा-कॉलेजात: ग्राहक कोण?

शिक्षणात टीक्यूएम आणायचं म्हटलं की पहिल्याच पायरीवर भांडण होतं. ग्राहक विद्यार्थी की फी भरणारे पालक? की उद्या नोकरी देणारी कंपनी? विद्यार्थ्याला ग्राहक मानलं तर ‘ग्राहक राजा’ या न्यायानं सोपा पेपर हाच उत्तम पेपर. विद्यार्थ्याला कारखान्यातून निघणारा माल मानलं तर ते आणखी वाईट. जिथे हे जमलं तिथे बहुतेकांनी विद्यार्थ्याला सोबत काम करणारा माणूस मानलं, आणि त्याचं शिकणं ही ‘वस्तू’.

अलास्कातला चुगाच हा शाळा-विभाग याचं छान उदाहरण आहे. २००१ मध्ये त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय दर्जा पुरस्कार, बाल्ड्रिज, मिळाला. तेव्हा विद्यार्थी होते फक्त २१४, विखुरलेले होते २२,००० चौरस मैलांत. काही गावांत विमानानंच जाता येतं. मुलांचं वाचन कच्चं होतं, शिक्षक टिकत नव्हते. १९९४ मध्ये त्यांनी पालक, गावकरी, विद्यार्थी सगळ्यांना बसवून विचारलं की शाळेतून निघालेल्या मुलाला काय काय यायला हवं. त्यातून वयानुसार इयत्ता ही कल्पनाच मोडीत काढली. मुलानं एक पायरी नीट शिकली की पुढची, मग त्याला तीन महिने लागोत की तेरा. वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीतलं त्यांचं स्थान १९९५ ला २८ व्या पर्सेंटाइलवर होतं, १९९९ ला ७१ वर गेलं.

यात टीक्यूएम कुठे आलं? नापास होणारं मूल हा ‘खराब माल’ नसून शिकवण्याच्या प्रक्रियेत कुठेतरी लाइन थांबवायला हवी होती, हे मान्य करण्यात. सातवीत भागाकार येत नसलेला मुलगा म्हणजे तिसरी-चौथीत न ओढलेली दोरीच.

भारतात उच्चशिक्षणाचा दर्जा ठरवायला १९९४ पासून नॅक आहे. नॅकची श्रेणी कॉलेजला जाहिरातीत लावता येते, तिच्यावर अनुदान आणि स्वायत्तता अवलंबून असू शकते. श्रेणी इतकी मोलाची झाली की ती मिळवणं हेच काम होऊन बसतं. नॅकची टीम यायची म्हणून महिनाभर तास सोडून फायली रंगवणारे प्राध्यापक महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात भेटतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली.

पुरस्कार मिळाला, पुढे काय?

फ्लोरिडा पॉवर अँड लाइट ही अमेरिकेतली वीज कंपनी. १९८९ मध्ये तिला डेमिंग पुरस्कार मिळाला, जपानबाहेरची पहिली कंपनी म्हणून. पण पुरस्काराच्या तयारीत अहवाल, आलेख आणि बैठका इतक्या वाढल्या होत्या की कर्मचारी कंटाळले होते. नव्या प्रमुखांनी आल्यावर लोकांचं ऐकलं आणि दर्जा खात्याचा बराचसा डोलारा उतरवून टाकला.

ह्यूस्टनच्या वॉलेस कंपनीचं प्रकरण आणखी बोलकं. तेल उद्योगाला पाइप आणि व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या या छोट्या कंपनीला १९९० चा बाल्ड्रिज पुरस्कार मिळाला आणि १९९२ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तेल उद्योगातली मंदी हे कारण होतंच. चांगली प्रक्रिया मंदीपासून वाचवत नाही, आणि टीक्यूएम शिकवणारे हे सहसा सांगत नाहीत.

ज्या घरात ही पद्धत वाढली तेही सुटलं नाही. २०१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्यावर टोयोटाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेपुढे कबूल केलं की कंपनी फार वेगानं वाढली आणि आधी सुरक्षा, मग दर्जा, मग संख्या हा क्रम गोंधळला. डिसेंबर २०२३ मध्ये तर टोयोटाच्याच दाइहात्सू या उपकंपनीत सुरक्षा चाचण्यांमधले खोटेपणाचे प्रकार उघड झाले. जुनी प्रकरणं १९८९ पर्यंत मागे जात होती. स्वतंत्र समितीनं कारण दिलं ते असं: गाडी बाजारात आणायच्या मुदती अतिशय घट्ट होत्या, चाचणीत नापास होणं परवडणारं नव्हतं, आणि हे वर सांगायची सोय खालच्या लोकांना नव्हती. ज्या घराण्यानं जगाला दोरी दिली, त्याच घराण्यातल्या लोकांना ती ओढता आली नाही.

आणि डबेवाले?

दर्जाचा विषय निघाला की मुंबईच्या डबेवाल्यांचा फॉरवर्ड येतोच: ‘फोर्ब्सनं सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं, १.६ कोटी डब्यांत एक चूक.’ यातलं पहिलं चूक आहे. फोर्ब्स हे मासिक आहे, ते असं प्रमाणपत्र देत नाही. १९९८ च्या एका लेखात डबेवाल्यांच्या अचूकतेचं कौतुक झालं होतं आणि त्यातला आकडा संघटनेच्या सांगण्यावरून काढलेला अंदाज होता, मोजणी नव्हती.

पण प्रमाणपत्र बाजूला ठेवलं तरी त्यांचं काम बघण्यासारखं आहे. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत दर्जा खातं नाही, मॅनेजर नाही. करोनाच्या आधी सुमारे ५,००० डबेवाले रोज १ लाख ३० हजारांच्या आसपास डबे पोचवत आणि परत आणत. नंतर ऑफिसं घरून चालायला लागली आणि ही संख्या बरीच घटली. डब्यावरच्या खुणेत नेमकं लागेल तेवढंच असतं: कुठल्या भागात उतरवायचा तो मोठा आकडा, बाजूला इमारत, मजला आणि पोचवणाऱ्याची खूण, शिवाय डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला ते सांगणारा रंग किंवा चिन्ह. ग्राहकाचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही, कारण जास्त लिहिलं की वाचायला वेळ लागतो आणि चूक होते. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल पंक्चर झाली, की ती धावतात. कंपनीच्या भाषेत ही माणसं ‘जास्तीचा खर्च’ ठरली असती.

घरातून डबा वारंवार उशिरा मिळाला, तर डबेवाले त्या ग्राहकाचं काम सोडून देतात. एका डब्यासाठी थांबलं तर लोकल चुकते, आणि त्याच्या डोक्यावरच्या बाकीच्या तीसेक लोकांचं जेवण उशिरा पोचतं.